थंडीत बरणीतले मोड आणि वसंतातल्या वाफ्यांची आखणी – कोण कोण करतंय?

खिडकीबाग:
नमस्कार मंडळी. बाहेर वाफे सगळे रिकामे पडलेत, माती इतकी गार की हात घालवत नाही, आणि संध्याकाळ झाली न झाली की अंधार. या दिवसांत मला डोळ्यासमोर काहीतरी हिरवं लागतंच म्हणून हा तिसरा हिवाळा मी घरात मोड काढतेय, म्हणजे अधूनमधून नाही तर सलग, एक बरणी संपत आली की दुसरी भिजत घालायची. त्याच टेबलावर वही उघडून वसंतात कुठे काय लावायचं याची आखणी पण चालू असते.

आता धागा का काढला ते सांगते. ही दोन्ही कामं मी इतके दिवस वेगळी समजत होते, मोड म्हणजे स्वयंपाकघर आणि वाफे म्हणजे बाग. पण मागच्या वसंतात माझा घेवडा ओळीने दोनदा कुजला, एकही बी वर आलं नाही, आणि का ते तेव्हा कळलंच नाही. यंदा थंडी सुरू झाल्यावर मुगाची एक बरणी चुकून खिडकीच्या कट्ट्यावर अगदी काचेला चिकटून राहिली, तिथे रात्री फार गार होतं. एरवी दीड दिवसात मोड येतात तिथे पाचव्या दिवशी पण अर्धे दाणे नुसते फुगून बसलेले, आणि बरणी उघडली तर आंबूस, बुळबुळीत वास. तो वास आला आणि मला एकदम तो घेवड्याचा वाफा आठवला, उकरून बघितला होता तेव्हा हाच वास होता.

माझी पद्धत साधीच आहे. रुंद तोंडाची काचेची बरणी, तोंडाला जाळीदार कापड आणि रबर. मूग किंवा मसूर रात्री भरपूर पाण्यात भिजवायचे, ८ ते १२ तास, सकाळी पाणी पूर्ण काढायचं, धुवायचे, आणि बरणी एका वाडग्यात तोंड खाली करून तिरकी ठेवायची म्हणजे उरलेलं पाणी निथळत राहतं आणि हवा पण आत जाते. मग दिवसातून ३ वेळा धुणं. बरणी निम्म्याच्या वर कधी भरत नाही. खोली साधारण २० डिग्रीच्या आसपास असेल तर मूग सगळ्यात लवकर, मसूर त्याच्या मागे, मेथीला ३-४ दिवस, अल्फाल्फा आणि ब्रोकोलीला ५-६ दिवस.

तुम्ही काय काय लावता, आणि थंडीत बागेची तयारी कशी करता ते लिहा प्लीज.

मातकट:
छान धागा. तुमच्या त्या वासाबद्दल आधी लिहितो कारण मुद्दा तिथेच आहे. बी पाणी पिऊन फुगलं की ते जागं झालं, त्याचा श्वास सुरू झाला. आत साठवलेला स्टार्च साखरेत बदलायला लागतो, ती साखर वापरायला ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून थोडी उष्णता पण बाहेर पडते, म्हणून गच्च भरलेल्या बरणीत हात घातला तर मधे कोमट लागतं बघा. आपण जे धुतो ते नुसतं ओलावा ठेवायला नाही, ती उष्णता काढायला आणि ताजी हवा द्यायला पण असतं. आता बी फुगलंय, पण थंडीमुळे आतलं काम हळू चाललंय, कोंब फुटत नाहीये, आणि सालीतून साखर बाहेर पाझरतेय, तर ती साखर खायला जिवाणू आणि बुरशी टपूनच असतात. जो आधी पोचेल त्याचं ते बी. गार ओल्या मातीत घेवड्याचं हेच होतं, बी मेलेलं नसतं पण शर्यत हरतं.

घेवड्याला माती निदान १५-१६ डिग्री पाहिजे. वाटाणा ५ डिग्रीच्या मातीत पण उगवतो, वेळ लावतो पण कुजत नाही इतक्या सहजी. म्हणून वाटाणा आधी आणि घेवडा मागून. कॅलेंडर बघून नका पेरू, मातीचा थर्मामीटर घ्या आणि सकाळी, ऊन लागायच्या आधी, ५ ते १० सेंटीमीटर खोल खुपसून सलग ४-५ दिवस वाचा. दुपारी वाचलं तर माती उबदार वाटते आणि फसगत होते.

नवशिक्या:
मी पहिल्यांदाच करतोय, मुळ्याचं बी लावलंय बरणीत. आज तिसरा दिवस आणि प्रत्येक मुळाला पांढरी लव आलीये, अगदी कापसासारखी. बुरशी आहे का? फेकून देऊ का सगळं? फोटो काढायचा प्रयत्न केला पण नीट येत नाहीये.

खिडकीबाग:
थांबा, फेकू नका लगेच! मी पहिल्या वर्षी दोन बरण्या अशाच फेकल्या होत्या. आधी गार पाण्याने धुवा आणि लगेच बघा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली तर ती मूळरोमं आहेत, पाणी शोधायला निघालेली. मुळा, ब्रोकोली, मोहरी यांना भरपूर असतात, आणि धुवायला उशीर झाला, दाणे कोरडे पडायला लागले की जास्तच बाहेर येतात.

बुरशी वेगळी दिसते. ती एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर जाते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, मुळालाच धरून राहत नाही, बियाच्या सालीवर पण चढते, कधी राखाडी किंवा काळपट होते, धुतल्यावर दाणे एकमेकांना चिकटूनच राहतात आणि वास कुबट येतो. तसं असेल तर मात्र अख्खी बरणी बाहेर, वरचे वरचे निवडून खायचं अजिबात नाही.

नवशिक्या:
धुतलं. गेली!! सगळी लव गेली, अगदी नितळ पांढरी मुळं दिसतायत. वास पण नुसता मुळ्याचा येतोय, तिखट. थँक्यू ताई.

रोपवेडी:
नवशिक्या, जवळ भिंग असेल तर दोन धुण्यांच्या मधे बघा ती रोमं. मुळाचं अगदी टोक मोकळं असतं, टोकाच्या थोडं मागून लव सुरू होते, सगळी एका पट्ट्यात. मुलाला दाखवलं तर तो अर्धा तास तिथून हलला नाही. आणि एकदा हे बघितलं की रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावताना हात आपोआप हलका होतो, कारण मातीत पाणी पिण्याचं बरंचसं काम ही रोमंच करतात आणि रोप उपटताना सगळ्यात आधी तीच तुटतात. मी पूर्वी रोपाचं खोड धरून ओढायचे, आता पानाला धरते आणि खालून चमच्याने मातीसकट उचलते. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड चेंगरलं की संपलं.

काळजीवाहू:
धागा सुंदर चाललाय, पण एक गंभीर गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, रागावू नका. मोड काढायला जे हवामान लागतं, कोमट, ओलं, बंदिस्त, तेच साल्मोनेला आणि ई. कोलाय वाढायला लागतं. आणि ते जिवाणू बऱ्याचदा बियावरच, सालीच्या बारीक भेगांत असतात, म्हणजे तुमची बरणी कितीही स्वच्छ असो, वरून धुवून ते पूर्ण जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली होती, जवळपास ४००० लोक आजारी पडले, ५० पेक्षा जास्त गेले, आणि शोध घेत घेत ते मेथीच्या मोडांपर्यंत पोचले, बी इजिप्तहून आलेलं होतं. त्याआधी १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेतली हजारो मुलं आजारी पडली तेव्हा मुळ्याच्या कोंबांवर संशय होता.

मोड खाऊ नका असं मी म्हणत नाहीये. माझ्याकडे पण रोज असतात. पण घरात गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं, किंवा आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर मोड पूर्ण शिजवूनच द्या, वरून नुसती वाफ दाखवून नाही. माझ्या सासूबाईंचे उपचार चालू होते तेव्हा डॉक्टरांनी कच्चे मोड बंद करायला सांगितले होते, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांनाच शिजवलेले.

आणि बी कुठलं वापरता ते बघा. पेरणीसाठी जे बी मिळतं त्याला बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी, निळा, हिरवा रंग दिसतो. ते खायच्या बरणीत कधीही नाही. खाण्यासाठी किंवा मोड काढण्यासाठी म्हणून विकलेलंच घ्या.

मातकट:
अगदी योग्य लिहिलंत. त्यात माझी भर: टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा या कुळातले कोंब खायचे नसतात, त्यात विषारी अल्कलॉइड असतात. इथे लोक एकाच टेबलावर खायचे मोड आणि बागेची रोपं दोन्ही करतायत म्हणून मुद्दाम सांगतोय, बरण्यांना आणि ट्रेला चिठ्ठ्या लावा. राजम्याचे मोड पण कच्चे कधीच नाहीत. त्यातलं लेक्टिन पोट फार बिघडवतं आणि मोड आले म्हणून ते जात नाही, भिजवलेलं पाणी टाकून ताज्या पाण्यात खळखळून उकळल्यावरच जातं, मंद आचेवर कोमट ठेवून भागत नाही.

वाटाणाप्रेमी:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे, मी बरणी जवळजवळ सोडलीच, ट्रेमध्ये मातीत वाटाण्याचे कोंब करतो. वाटाणे १२ तास भिजवायचे, ३ सेंटीमीटर मातीवर एकाला एक लागून दाट पसरायचे, वरून पातळ थर, आणि कोंब वर दिसेपर्यंत झाकून ठेवायचे, मग खिडकीत. दोन-तीन आठवड्यांत बोटभर उंच होतात, गोड लागतात, आणि त्याहून भारी म्हणजे एकदा कापले तरी परत येतात! फक्त कापताना सगळ्यात खालचं पान किंवा पानाची बारीक खूण असते ना खोडावर, तिच्या वर कापायचं. मी पहिल्यांदा पार मातीलगत कापले तेव्हा एकही परत आला नाही.

सूर्यफुलाचे पण केले, ते मात्र कापले की संपले, दुसऱ्यांदा येत नाहीत. असं का होतं कुणाला माहितीये?

मातकट:
बी उघडतं कसं त्यावर आहे सगळं. वाटाण्याची दलं, म्हणजे त्या दोन जाड डाळी, मातीतच राहतात, वर फक्त कोंब येतो, आणि कोंबावर खाली जे पेर असतं तिथे राखीव डोळे असतात. वरचं कापलं की ते डोळे फुटतात, खाली डाळीत शिधा शिल्लक असतोच. सूर्यफूल आपली दलं डोक्यावर घेऊन वर येतं, ती दोन मांसल पानं दिसतात ती दलंच. तुम्ही दलांच्या खाली कापता, तिथे डोळाच नसतो, मग फुटणार काय.

मूग पण दलं वर घेऊन येतो, घेवडा पण. मसूर, हरभरा वाटाण्यासारखे. एका बरणीत मूग आणि एका बरणीत मसूर ठेवून ५-६ दिवस वाढू द्या, फरक सरळ दिसतो. आणि बागेत याचा उपयोग असा की घेवड्याच्या वर मातीचा पापुद्रा कडक झाला असेल तर कोंबाची वाकलेली मान मोडते, कारण त्याला दोन जाड डाळी ओढून वर काढायच्या असतात. वाटाण्याला नुसतं टोक काढायचं असतं. म्हणून घेवडा पेरल्यावर वरची माती भुसभुशीत ठेवायची, धो धो पाणी ओतायचं नाही.

खिडकीबाग:
मातकट दादा हे वाचून मी दोनदा उठून बरणीपाशी गेले. खरंच, मुगाच्या मानेला आकडा आहे, वाकलेली आहे, मसुराची दलं खालीच आहेत, नुसतं बारीक टोक निघालंय. तीन वर्षं रोज धुतेय आणि कधी बघितलं नव्हतं.

रोपवेडी:
कुणी मुगाचे लांब जाड पांढरे मोड काढलेत का, ते हॉटेलात मिळतात तसे? माझे नेहमी बारीक आणि नागमोडी होतात.

वाटाणाप्रेमी:
अंधार आणि वजन, दोन्ही पाहिजे. तळाला भोकं असलेलं भांडं घ्या, मूग भिजवून त्यात ३-४ सेंटीमीटरचा थर, वर ओलं कापड, त्यावर ताटली आणि ताटलीवर दीडेक किलो वजन. दिवसातून ३-४ वेळा कापडावरूनच पाणी सोडायचं, मूग हलवायचे नाहीत, ४-५ दिवस. उजेड लागला की दलं हिरवी होतात आणि चव उग्र होते, म्हणून झाकूनच. वजनाने कोंबाला अडथळा होतो, तो एथिलीन वायू सोडतो आणि त्याने खोड लांबीऐवजी जाडीत वाढतं. जमिनीखाली दगड लागल्यावर कोंब जे करतो तेच.

नवशिक्या:
एक मदत हवीये. माझ्याकडे भाज्यांच्या बियांची जुनी पाकिटं आहेत, वडिलांनी ठेवलेली, काही ४ वर्षांपूर्वीची असतील काही त्याहून जुनी. वसंतात लावायची खूप इच्छा आहे कारण वडील आता नाहीत, पण उगवतील की नाही कळत नाही. पाण्यात टाकून जी बुडतात ती चांगली असं वाचलं, बरोबर आहे का?

मातकट:
पाण्याच्या परीक्षेवर अवलंबून राहू नका, पुष्कळ चांगलं बी हलकं म्हणून तरंगतं आणि मेलेलं बी बुडतं. तुम्ही मुळ्याचे मोड काढलेत ना, मग तुम्हाला खरी परीक्षा येतेच की, तेच करायचं. प्रत्येक पाकिटातून १० बिया मोजून घ्या, ओल्या कागदी रुमालावर एकमेकींपासून सुट्या ठेवा, रुमाल दुमडा, पिशवीत घाला, पिशवीवर नाव आणि तारीख, आणि उबदार जागी ठेवा. रुमाल ओला पण पाणी गळता नको. रोज उघडून बघा. १० पैकी ७ उगवल्या तर ७० टक्के. ५ उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. १-२ च आल्या तर बाकीच्या सगळ्याच पेरून टाका आता, पुढच्या वर्षाची वाट बघू नका.

धीर मात्र धरा. लेट्यूस २-३ दिवसांत येतं, त्याला उजेड द्या आणि फार गरम जागी ठेवू नका. टोमॅटो ५ ते ८ दिवस. मिरचीला २५ च्या वर ऊब पाहिजे आणि दीड-दोन आठवडे लागतात, गार खोलीत तर महिना. पार्सलीला ३ आठवडे. कांद्याचं बी लवकर मरतं, १-२ वर्षं धरून चाला. टोमॅटो, काकडी नीट कोरड्या थंड जागी ठेवलेले असतील तर ४-५ वर्षं सहज टिकतात, कधी जास्त पण. वडिलांची पाकिटं सगळी एकदम वापरू नका, परीक्षेला दहाच घ्या. आणि ज्या उगवतील त्या टाकायच्या नाहीत, मूळ कागदात घुसलं असेल तर कागदासकट कापून मातीत लावायच्या.

काळजीवाहू:
नवशिक्या, वाचून गलबलून आलं. काय निघालं ते नक्की लिहा इथे.

रोपवेडी:
मला बागेच्या आखणीबद्दल लिहायचंय कारण त्यात मी दोन वर्षं चुकले. मी थंडीत वहीत बागेचा नकाशा काढायचे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठे पडतं ते खुणा करून, आणि त्यावरून वाफे ठरवायचे. पण थंडीत सूर्य खाली असतो. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी भर दुपारी तो जेवढा वर असतो त्यापेक्षा दिवस-रात्र समान होतात तेव्हा तब्बल २३ अंशांनी जास्त वर येतो आणि सगळ्यात मोठ्या दिवशी ४७ अंशांनी. म्हणजे आत्ता जी सावली कुंपणापासून अर्ध्या बागेपर्यंत येते ती उन्हाळ्यात कुंपणाच्या पायाशी असते. उलट झाडं आत्ता उघडी आहेत, त्यांच्यातून ऊन गाळून येतं, वसंतात पानं आली की तिथे दाट सावली. मी टोमॅटो लावले होते ते नेमके त्या सावलीत.

आता मी थंडीतल्या नकाशावर फक्त इमारतीची, कुंपणाची आणि झाडांची जागा मांडते, ऊन पेन्सिलीने, आणि वसंतात पानं आल्यावर परत दोन रविवार बघून पक्कं करते. शिवाय मागच्या वर्षी कुठे काय होतं ते पण लिहायचंच, टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा एकाच कुळातले, म्हणून त्याच वाफ्यात ३ वर्षं तरी परत नको, रोग मातीत राहतात.

वाटाणाप्रेमी:
आणि उलटं मोजायचं. तुमच्याकडे दव गोठणारी शेवटची रात्र साधारण कधी असते ते जुन्या बागवाल्यांना विचारा, तिथून मागे आठवडे मोजा. कांदा बियापासून १० ते १२ आठवडे आधी घरात, मिरची-वांगं ८ ते १०, टोमॅटो ६ ते ८, कोबी-लेट्यूस ४ ते ६, काकडी-भोपळा फक्त ३. सगळ्यांना घाई होते टोमॅटोची. १२ आठवडे आधी लावला की खिडकीत काटकुळा होऊन आडवा पडतो.

नवशिक्या:
माझा टोमॅटो आत्ताच लावून झालाय :( एक ट्रे. इंच-दीड इंच लांब झालेत आणि सगळे खिडकीकडे वाकलेत. आणि काल रात्री त्यातले ५ मातीलगत बारीक होऊन आडवे झालेत, खोड धाग्यासारखं झालंय तिथे.

मातकट:
हा रोपं कोलमडण्याचा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशी आणि बुरशीसारखे जीव करतात. पडलेली वाचत नाहीत, आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका लगेच. उरलेल्यांना वरून पाणी बंद, ट्रे पाण्याच्या ताटात १५-२० मिनिटं ठेवून खालून पिऊ द्या आणि मग उचला. माती वर कोरडी दिसेपर्यंत परत नाही. लहान पंखा हळू लांबून, हवा हलती पाहिजे. पुढच्या वेळी जुनी बागेतली माती नको, ताजं कोकोपीट किंवा रोपांचं मिश्रण आणि धुतलेला ट्रे.

लांबुडकी झालीत ती उजेडासाठी. थंडीतली खिडकी आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते, रोपाला ती अंधारी असते. एक साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर ५ ते १० सेंटीमीटरवर, रोज १४ ते १६ तास, रोपं वाढतील तशी ट्यूब वर घ्यायची. आणि उगवल्यावर खोली थोडी गार केलेली चालते, १६ ते १८, बी उगवायला ऊब लागते पण रोप जाड व्हायला नाही. टोमॅटोचं एक बरं असतं, दुसऱ्या कुंडीत हलवताना खोड दलांपर्यंत मातीत पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. वाया गेले नाहीत तुमचे.

खिडकीबाग:
मी बरणीत रोज पाणी निथळवते पण ट्रेला मात्र पाण्यात बुडवून ठेवायचे, काय विरोधाभास आहे बघा. मोडाला आपण कधी पाण्यात उभं ठेवत नाही, पाणी देतो आणि काढून घेतो. ट्रेला हे वाक्य लावलंय आता मी, कागदावर लिहून.

काळजीवाहू:
तयार मोड फ्रिजमध्ये ठेवण्याबद्दल कुणीतरी विचारलं होतं मला निरोपात, इथेच लिहिते. शेवटचं धुणं झालं की ८-१० तास निथळू द्या, हाताला ओले लागता कामा नयेत, मग डब्यात खाली कोरडा कागद घालून ४ डिग्री किंवा कमीला. ४-५ दिवसांत संपवा. बुळबुळीत झाले, वास आला, तर शिजवून पण नाही, टाकायचे. बरणी प्रत्येक वेळी गरम साबणाच्या पाण्याने, आणि ते जाळीचं कापड उकळून. कापडाकडे फार दुर्लक्ष होतं लोकांचं.

जे दाणे भिजून पण खड्यासारखे राहतात ते गणंग पण आधीच निवडून काढा. त्यांच्या सालीतून पाणीच आत जात नाही, दाताखाली आले तर दात दुखावतो.

नवशिक्या:
तीन आठवड्यांनी लिहितोय. पाकिटांची परीक्षा झाली. कांदा शून्य. मिरची १० पैकी २, त्या पण सोळाव्या दिवशी, मी आशा सोडली होती. काकडी १० पैकी ६. आणि टोमॅटो १० पैकी ९!! पाकिटावर वडिलांच्या अक्षरात नुसतं "मोठा, फिका लाल, उशिरा येणारा" असं लिहिलंय. नऊच्या नऊ कागदासकट कापून लावलेत, ट्यूब लावली आहे, खालून पाणी. आधीच्या ट्रेमधले ११ वाचले, ते पण पुरून लावले दलांपर्यंत, आता खोडं जाड झालीत.

रोपवेडी:
नऊ!! आणि मिरचीच्या त्या दोन जपा हं, त्यांना ऊब द्या. यंदा जी फळं येतील त्यातलं बी काढून ठेवा म्हणजे पाकिटावर अवलंबून राहायला नको. टोमॅटोचं बी गरासकट २-३ दिवस वाटीत आंबवून, धुवून, ताटलीवर वाळवायचं, कागदावर नको, चिकटतं.

वाटाणाप्रेमी:
बाहेर न्यायच्या आधी आठवडा-दहा दिवस सवय लावायला विसरू नका. पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग वाढवत वाढवत. ट्यूबखालच्या पानांना थेट ऊन आणि वारा एकदम लागला की पानं पांढरी पडतात.

खिडकीबाग:
बऱ्याच दिवसांनी आले धाग्यावर. थर्मामीटर आणला. पहिल्या आठवड्यात सकाळी ७, मग ९, मग एकदम पाऊस आणि परत ८. शेजारच्या वाफ्यात वाटाणा तेव्हाच वर आला होता, त्याला काही फरक पडला नाही. घेवडा हातात घेऊन मी तीन वेळा परत फिरले. मग सलग पाच सकाळी १६, १६, १७, १६, १७ आल्यावर १२ बिया पेरल्या, ३ सेंटीमीटर खोल, वर भुसभुशीत माती, पाणी झारीने अगदी हलकं.

आज नववा दिवस, ११ वर आलेत. बारावीच्या जागी काहीच नव्हतं म्हणून बोटाने माती हळूच बाजूला केली. वास कसलाच नाही. बी फुगलेलं, साल एका बाजूने फाटलेली, मूळ सरळ खाली गेलेलं, आणि मान वाकवून वर यायला निघालेली, जेमतेम नखाएवढी खाली. वर मातीचं एक ढेकूळ होतं ते उचललं आणि परत झाकून टाकलं.